बारा सह्यांचा कागद

२ ऑगस्ट

टिचकी,

तुझं शेवटचं पत्र जूनमध्ये आलं. त्यात हवेबद्दल चार ओळी होत्या आणि प्लॉटबद्दल एकही नव्हती. बाकी दहा जणींनी आपापले प्लॉट निवडून, स्वयंपाकघर कुठे, न्हाणीघर कुठे हे कागदावर काढून मला पाठवलं आहे. जन्मभर लहान मुलांच्या वॉर्डात राहिलेल्या आपल्या बालवॉर्डने तर खिडकीत मांजरसुद्धा काढलं आहे. राहिलीस तू.

फोन करू नकोस. फोनवर दिलेली ऑर्डर मी वॉर्डात कधी घेतली नाही, आता निवृत्त झाल्यावर का घेऊ? लेखी कळव.

तू विसरतेस म्हणून सगळं पुन्हा लिहिते. नर्सिंगच्या एकाच बॅचच्या आपण बारा जणींनी म्हातारपणी एका रस्त्यावर राहायचं ठरवलं. मिळून ही जमीन घेतली. तिचे बारा प्लॉट पाडायच्या नकाशाला नगररचना कार्यालयाने तात्पुरती मंजुरी दिली. तात्पुरती म्हणजे दोन वर्षांची. तेवढ्यात रस्ता, गटार आणि पाण्याची लाईन करून दाखवायची, कोणता प्लॉट कोणाचा ते पक्कं करून द्यायचं, मग अंतिम मंजुरी. ही दोन वर्षं ३० सप्टेंबरला संपतात. एकदा संपली की मंजुरी रद्द, आणि नव्याने अर्ज केला तर नवे नियम. नव्या नियमात रस्ता रुंद हवा. मी मोजून पाहिलं. तेवढा रस्ता सोडला तर बाराच्या जागी दहाच प्लॉट बसतात.

कोणत्या दोघींना बाहेर ठेवायचं, ते तू सांगशील? मी नाही सांगणार.

मुदत वाढवून मागता येते, असं कार्यालयातला कारकून म्हणत होता. मी त्याला सांगितलं, आठचं इंजेक्शन मी जन्मात आठ-पाचला दिलेलं नाही, मुदतवाढीचं दुसऱ्या कोणाला विचारा.

रस्ता झाला. पाणी आलं. गटाराचं थोडं उरलंय, तेही होईल. तुझ्या वाट्याला सात नंबर उरला आहे. कोपऱ्यावरचा एक नंबर माझा, तिकडे बघू नकोस. सात नंबर चालेल का, आणि घर कसं हवं, ते परतीच्या टपालाने लिही.

मेट्रन


१४ ऑगस्ट

मेट्रनबाई,

रागावू नकोस गं. शिकत होतो तेव्हा आम्ही तुला चिडवायला मेट्रन म्हणायचो आणि तू खरोखरच मेट्रन होऊन दाखवलंस. नंतर आम्हाला चिडवायला काही उरलंच नाही, तेव्हापासून मी तुला नुसती घाबरते.

सध्या माझे दिवस कसे जातात तेच कळत नाही. रोज दुपारी इथल्या मोठ्या हॉस्पिटलात जाते. हाडांच्या विभागाच्या मागे एक लांबट खोली आहे, तिथे दोन-अडीच तास जातात. परवा माझ्या दोन्ही पायांचे साचे घेतले. ओल्या प्लास्टरमध्ये पाय घालून बसले होते आणि इतक्या गुदगुल्या होत होत्या की शेवटी मलाच ओरडा बसला, "बाई, हलू नका."

चहातली साखर सोडली आहे. पहिले चार दिवस जड गेले, आता बरं वाटतं.

एक विचारायचं होतं. घराचं पुढचं दार चार फूट रुंद ठेवलं तर चालेल का? आणि पुढची खोली मोठी हवी. भरपूर उजेड, फरशी खरबरीत, मध्ये उंबरा नको.

सात नंबर छानच आहे. पण माझ्या नावावर इतक्यात पक्का लिहू नकोस. जरा थांब. का, ते विचारू नकोस, मी सांगेन.

मांजर काढल्याबद्दल बालवॉर्डला शाबासकी दे.

तुझी
टिचकी


१९ ऑगस्ट

टिचकी,

पेशंट "मला काही झालेलं नाही" म्हणतो तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, चपलांकडे बघते. तुझ्या पत्राकडेही मी तसंच बघितलं आहे.

खालच्या प्रश्नांची उत्तरं विनोद न करता द्यावीत. रिकाम्या पोटी साखर किती? कधीपासून? पायांना मुंग्या येतात का? रात्री की दिवसा? जखम आहे का, आणि असली तर कोणत्या बोटाला? साचे घेणाऱ्या माणसाला त्याचं काम येतं का, की प्लास्टर दिसलं की पाय घालायला सांगतो? तुझ्याबरोबर कोण जातं?

चार फुटांचं दार कशासाठी लागतं, हे मला कोणी शिकवायला नको. मी अशा दारांतून स्ट्रेचर ढकलण्यात अर्धं आयुष्य घालवलं आहे.

इकडे गटार दुसऱ्यांदा खणलं. कंत्राटदार मला सिस्टर म्हणतो आणि मी दिसले की सिमेंटच्या मिक्सरमागे जाऊन उभा राहतो. मिक्सर फिरतो, त्यामुळे तो अधूनमधून दिसतोच. भूलवाली रोज माझ्याबरोबर जागेवर येते, छत्री उघडून बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की हा अमुक नंबर, हा तमुक नंबर. माणसाला बेशुद्ध करता करता चाळीस वर्षं गेली, आता जाग्या माणसाशी बोलायची हौस फिटत नाही तिची.

उत्तर पाठव. आठ दिवसांत.

मेट्रन


३० ऑगस्ट

मेट्रन,

साखर: डब्यात. मुंग्या: त्याच डब्याला. जखम: नाही. बोटं: दहा, मोजली. बरोबर कोण जातं: कोणी नाही, माझी मी जाते, आणि रस्ताभर गाणं म्हणत जाते.

त्या माणसाला काम उत्तम येतं. सदतीस वर्षं तेच करतो. हात फार हलके आहेत.

अक्षराबद्दल माफ कर. शेजारी मशीन चालू आहे आणि सगळं टेबल थरथरतंय. मशीन बंद झालं की लिहीन म्हटलं, तर ते बंदच होत नाही.

मेट्रन, आपल्या पहिल्या सभेतला तो ठराव आठवतो ना? "या रस्त्यावर आपण बारा जणी. तेरावं माणूस नको." तो अजून लागू आहे का? सहज विचारलं.

टिचकी


६ सप्टेंबर

टिचकी,

पुरे झालं. मला सगळं कळलं आहे.

तू विनोद करत राहा, तुझा स्वभाव आहे. ज्या मुलीने पहिल्या ऑपरेशनच्या वेळी घाबरून सर्जनच्याच हातावर टिचकी मारली होती, तिच्याकडून मी आणखी काय अपेक्षा करणार? पण साखर, पायांचे साचे, रोजचं मशीन, थरथरलेलं अक्षर, रुंद दार, आणि आता घरात सोबतीला बाई ठेवता येईल का म्हणून ठरावाची चौकशी. ही बेरीज एखादी पहिल्या वर्षाची विद्यार्थिनीही करेल. ठराव राहू दे बाजूला. तुला माणूस लागेल ते आम्ही अकरा जणी आहोत. पाळ्या लावून टाकते.

मी काय केलं आहे, ते वाच. एक नंबरचा प्लॉट तुला. तो सपाट आहे, मोठ्या रस्त्याला लागून आहे, अॅम्ब्युलन्स दारात उभी राहते. सात नंबर मी घेते. दुसरं, नकाशात प्रत्येक घरापुढे तीन पायऱ्या होत्या. बाराही ठिकाणच्या काढून उतार केला. कुरकुर करणारीला सांगितलं, दहा वर्षांनी तुलाही लागेल.

आणि तिसरं. मी मुदतवाढीचा अर्ज केला आहे. हो, मी. अर्जात कारण लिहावं लागतं, ते असं लिहिलं आहे: "एक सहमालकीण पायांच्या गंभीर आजाराने अंथरुणाला खिळल्यामुळे नियोजित काम मुदतीत पूर्ण होऊ शकले नाही."

बाराही मालकिणींच्या सह्या एकाच कागदावर हव्यात आणि कागद ३० तारखेच्या आत कार्यालयात हवा. रविवारी सात जणी जागा बघायला आल्या होत्या, त्यांनी सह्या केल्या. माझी झाली. तिघींकडे टपालाने फिरतोय, तिथून तो थेट तुझ्याकडे येईल, वीसच्या सुमारास. सही कर आणि त्याच दिवशी रजिस्टरने पाठव. पोस्टात स्वतः जाऊ नकोस, कोणाला तरी पाठव.

पाय उंचावर ठेवून झोपत जा.

मेट्रन


२१ सप्टेंबर

माझी मेट्रन,

खुर्चीवर बस आणि मग वाच.

कागद काल आला. अकरा सह्या बघून आधी रडू आलं. बालवॉर्डची सही अजून तशीच, शेवटच्या अक्षराला शेपूट. मग वरचं कारण वाचलं. अंथरुणाला खिळलेली? मी? काल मी नव्या बुटांत नदीपर्यंत चालत जाऊन आले, आणि येताना टेकडीवरून आले.

बूट कोणी केले, ते आता सांगते. हाडांच्या विभागामागची ती लांबट खोली म्हणजे हॉस्पिटलची कार्यशाळा. तिथे लाकडी पाय, पट्टे आणि वाकड्या पायांसाठी बूट करतात. मी माझ्या शेजारणीला घेऊन गेले होते, तिच्या गुडघ्याचा पट्टा घ्यायला. तिथला कारागीर तिच्या गुडघ्याकडे कमी आणि माझ्या पायांकडे जास्त बघत होता. मी म्हटलं, "काय हो, माझं काय चुकलं?"

तो म्हणाला, "बाई, तुम्ही आयुष्यभर चुकीच्या मापाच्या चपला घातल्यात."

मी म्हटलं, "अहो, आयुष्यात अजून बरंच काही चुकीच्या मापाचं घेतलंय. सगळ्याचं माप घेता का?"

तो हसला नाही. पेन्सिल कानावरून काढली आणि म्हणाला, "बसा. पायांपासून सुरुवात करू."

मेट्रन, मी त्रेसष्ट वर्षांची आहे आणि मी बसले. दुसऱ्या दिवशीही गेले, शेजारीण नसताना. ते बिनसाखरेचा चहा पितात, दोन कप एकदम करायचे म्हणून मीही साखर सोडली. मशीन म्हणजे शिलाईचं मशीन, जाड चामड्याचं, त्याच्या टेबलावर बसून तुला पत्र लिहिलं. चार फुटांचं दार त्यांच्या कामाच्या टेबलासाठी. ते उभं होत नाही आणि वाकतही नाही, त्यांच्यासारखंच. त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली. जुलैत त्यांनी विचारलं, मी हो म्हणाले.

तुला का नाही सांगितलं? कारण तो ठराव. "तेरावं माणूस नको" असं टेबलावर चढून कोण ओरडलं होतं? मीच. नवरे नकोत, जावई नकोत, कोणाचे चुलते नकोत, ही यादीसुद्धा माझी. तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. आता कोणत्या तोंडाने सांगू? दोन महिने रोज ठरवत होते, हा माणूस सोडू की रस्ता सोडू, आणि रोज ठरत नव्हतं. म्हणून प्लॉट पक्का करू नकोस म्हणत होते.

आता कागदाचं. खोट्या कारणाखाली मी सही करणार नाही, हे तुला माहीत आहे, कारण हे मला तूच शिकवलंस. आणि नवा कागद करून पुन्हा अकरा सह्या घ्यायला वेळ नाही. तेव्हा वॉर्डात चुकीच्या नोंदीचं जे करतो तेच केलंय. तुझ्या वाक्यावर एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. त्यावर लिहिलं: "गटाराचे काम अपूर्ण आहे. एका सहमालकिणीचे लग्न ठरल्यामुळे प्लॉट घ्यावा की सोडावा हे तिने दोन महिने कळवले नाही. तिची प्रकृती ठणठणीत आहे." बाजूला सही, तारीख, वेळ. पोस्टात स्वतः जातेय, चालत.

अंतिम मंजुरी मिळेपर्यंत माझं नाव राहू दे. नाहीतर मालकीण बदलली म्हणून सगळंच अडकेल. मंजुरी झाली की माझा प्लॉट तुम्ही दुसऱ्या कोणा नर्सला द्या. ठराव मी मांडला, मीच मोडणार नाही.

आणि एक विचारू? गटाराचं "थोडं उरलंय" असं तू ऑगस्टपासून लिहितेस. तुझं "थोडं" दोन महिने कधीपासून टिकायला लागलं?

टिचकी


२५ सप्टेंबर

टिचकी,

कागद आज सकाळी दहाला पोचला, साडेअकराला मी तो कार्यालयात दिला. पोच घेतली आहे. शिक्का स्पष्ट आहे.

कारकून म्हणाला, "इथे खाडाखोड आहे."

मी म्हटलं, "खाडाखोड नाही, दुरुस्ती आहे. बाजूला सही बघा, तारीख बघा, वेळ बघा."

"वेळही लिहिलीय?"

"दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. तुमच्या कार्यालयातल्या किती नोंदींना वेळ असते?"

त्याने शिक्का मारला.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा संताप आला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हाही आला, पण मधेच हसू आलं आणि तो मोडला. तिसऱ्यांदा भूलवालीला मोठ्याने वाचून दाखवलं. "पायांपासून सुरुवात करू"पाशी ती खुर्चीवरून घसरली. तिला उठवायला मला कंत्राटदाराला हाक मारावी लागली, मग त्यालाही सगळं सांगावं लागलं. आता तो मिक्सरमागे लपत नाही. लग्न कधी आहे म्हणून दुपारपासून चारदा विचारून गेला.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. गटार तीनदा खणलं. पहिल्यांदा कंत्राटदाराने बरोबर खणलं होतं. मी पातळी तपासली आणि चूक आहे म्हणून बुजवायला लावलं. दुसऱ्यांदा माझ्या मापाने खणलं. मी मोजपट्टी उलट्या टोकाकडून वाचली होती. त्या उतारावरून बारा घरांचं सांडपाणी माझ्याच प्लॉटच्या मध्यभागी येऊन थांबलं असतं. कंत्राटदार सांगत होता. मी ऐकलं नाही. तिसऱ्यांदा त्याने पुन्हा पहिल्या जागी खणलं. सगळं मिळून सात आठवडे गेले, आणि ते माझ्यामुळे गेले.

हे मी कोणालाही लिहिलं नव्हतं. तू आजारी आहेस असं वाटलं तेव्हा मला फार काळजी वाटली, हे खरं. अर्जात लिहायला कारण मिळालं म्हणून जरा हलकं वाटलं, हेही खरं. हा दुसरा भाग तेव्हापासून मला आवडलेला नाही. तू रेघ मारलीस ते बरं केलंस.

ठरावाचं मी बघते. ठराव सभेने केला, सभाच काय ते करेल. तोवर तू प्लॉट सोडायचा नाहीस आणि त्या गृहस्थांनाही सोडायचं नाहीस. ही ऑर्डर आहे.

मेट्रन


२ ऑक्टोबर

मेट्रन,

ऑर्डर घेतली.

तू मोजपट्टी उलटी धरलीस! हे मी फ्रेम करून भिंतीवर लावणार आहे. यांना सांगितलं तर म्हणाले, "ज्या बाईंनी स्वतःच्या चुकीचं माप दिलं, त्यांचे बूट मी फुकट करीन."

बारा बायकांच्या रस्त्यावर राहाल का, हेही विचारून घेतलं. विचार करून म्हणाले, "चोवीस पाय. म्हणजे काम संपायचं नाही."

पण सभा "नको" म्हणाली तर मला तसं सरळ लिही. गोड करून लिहू नकोस. तुला ते जमतही नाही.

टिचकी


नगररचना कार्यालय
६ ऑक्टोबर

महोदया,

आपल्या बारा भूखंडांच्या रेखांकनाच्या तात्पुरत्या मंजुरीस मुदतवाढ मिळण्याबाबतचा आपला अर्ज विहित मुदतीत प्राप्त झाला आहे. घरांसमोरील पायऱ्यांऐवजी उतार करण्याचा बदल किरकोळ स्वरूपाचा असल्याने त्यास हरकत नाही.

तथापि, नियमानुसार मुदतवाढ केवळ अर्जदाराच्या आवाक्याबाहेरील कारणास्तव देता येते. अर्जातील दुरुस्त केलेल्या मजकुरात दोन कारणे नमूद आहेत. त्यांपैकी गटाराचे काम कशामुळे अपूर्ण राहिले, तसेच सहमालकिणीचे लग्न ठरणे ही बाब अर्जदारांच्या आवाक्याबाहेरची होती किंवा कसे, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.

नगररचनाकार


७ ऑक्टोबर

नगररचनाकार साहेब यांस,

आपले पत्र आज मिळाले. सात दिवस लागणार नाहीत.

गटाराचे काम माझ्या चुकीमुळे राहिले. मी मोजपट्टी उलटी वाचली आणि कंत्राटदाराचे बरोबर असलेले काम बुजवायला लावले. हे माझ्या आवाक्याबाहेर नव्हते. या कारणावर मी मुदतवाढ मागत नाही. काम सध्या योग्य उतारावर चालू आहे, आपण केव्हाही येऊन बाटलीभर पाणी ओतून पाहावे.

सहमालकिणीच्या लग्नाबद्दल. ही बाब आमच्या पूर्णपणे आवाक्याबाहेरची होती. सदर सहमालकिणीस आवरणे आम्हा अकरा जणींना पंचेचाळीस वर्षांत एकदाही जमलेले नाही. आमच्या वसतिगृहाच्या वॉर्डनलाही जमले नव्हते. त्यांना विचारून खात्री करता आली असती, पण त्या आता हयात नाहीत.

मुदत न मिळाल्यास नव्या नियमांप्रमाणे बारापैकी दोघींना घर मिळणार नाही. त्या दोघी कोण, हे ठरवण्याचा प्रसंग आपण माझ्यावर आणू नये.

एक सहमालकीण
(निवृत्त मेट्रन)


नगररचना कार्यालय
१६ ऑक्टोबर

महोदया,

खुलासा समाधानकारक आहे. दुसरे कारण ग्राह्य धरून आपल्या रेखांकनास एक वर्षाची मुदतवाढ देण्यात येत आहे.

निम्नस्वाक्षरीकार यांनी काल जागेवर येऊन पाणी ओतून पाहिले. ते योग्य दिशेने गेले. छत्रीखाली बसलेल्या एका बाईंनी सर्व भूखंडांची सविस्तर माहिती दिली, त्यासाठी पाऊण तास लागला.

सहमालकिणीस या कार्यालयातर्फे शुभेच्छा कळवाव्यात.

नगररचनाकार


९ नोव्हेंबर

टिचकी,

मुदतवाढ मिळाल्याची तार भूलवालीने तुला केली, हे मला नंतर कळलं. तिला दम भरला आहे. पूर्ण बातमी ही.

एक वर्ष दिलं होतं, मी पाच आठवडे घेतले. गटार झालं. तपासणी झाली. तिघा अभियंत्यांपैकी एकालाही चूक काढता आली नाही, आणि ते प्रयत्न करत होते.

परवा रविवारी सभा जागेवरच घेतली. सगळ्या आल्या. कंत्राटदाराने चुन्याने बारा प्लॉटच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. सभा बाजूलाच राहिली, बायका आधी आपापल्या घरात शिरल्या. बालवॉर्ड चुन्याच्या रेघेबाहेर उभी राहून दार वाजवल्यासारखं करत होती आणि भूलवाली आतून "कोण आहे?" म्हणून विचारत होती. एक जण स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी राहून शेजारणीशी खिडकीतून बोलत होती. तिथे खिडकी नाही, भिंत नाही, काहीच नाही, तरी ती वाकून बोलत होती. मी त्यांना दहा मिनिटं दिली. मग अजून दहा दिली.

ठराव वाचून दाखवला. तेरावं माणूस या रस्त्यावर राहू द्यावं का? नऊ जणींनी हात वर केले. एक म्हणाली, आधी माणूस दाखवा. बालवॉर्डने विचारलं, अंगठ्याजवळ हाड वाढलंय, त्यावर बूट होतो का? मी तुझ्या वतीने हो म्हटलं. तिने दोन्ही हात वर केले. ते मी एकच मत धरलं. ज्या बाईंना माणूस बघायचा आहे, त्यांनाही तो दिसेलच. ठराव बदलला. इतिवृत्तात लिहिला आहे, वेळेसकट.

माझी एक अट आहे. दुपारी दोन ते चार मशीन बंद. आपण झोपतो.

एक नंबर तुमचाच राहील. टेबल आत जायला मोठा रस्ता जवळ हवा, आणि पेशंटही येतील. मला सात नंबर आवडायला लागला आहे. तिथून सगळा रस्ता दिसतो आणि कोण कुठे चाललंय ते कळतं.

आता तारीख. २४ तारखेला अंतिम नकाशावर बाराही मालकिणींनी नगररचना कार्यालयात समक्ष सही करायची आहे, दुपारी तीन वाजता, दुसरा मजला. त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर विवाह नोंदणी होते. मी चौकशी केली. लग्नाच्या नोटिशीची तीस दिवसांची मुदत तुमच्याकडे भरत आली असेल तर तिथून दाखला आणा, सकाळी अकराची वेळ मी घेऊन ठेवली आहे. अकरा वाजता लग्न, मग जेवण, मग नकाशा. दोन खेपा कशाला? आदल्या दिवशीच्या गाडीने या. दोघंही माझ्याकडे उतरा. वरच्या मजल्यावरचे नगररचनाकार साहेब जिन्यात भेटले होते, अकराला खाली येऊ का म्हणून विचारत होते. या म्हटलं.

लग्नाच्या फॉर्मवर साक्षीदार तीन लागतात. त्यावरून इथे भांडण जुंपलं. कोणीच माघार घेईना, आणि खरं सांगायचं तर मीही घेतली नाही. म्हणून काल विवाह नोंदणीच्या कारकुनाला सांगून आले की साक्षीदार अकरा आहेत. तो म्हणाला, बाई, फॉर्मवर रेघा तीनच आहेत.

मी म्हटलं, पट्टी द्या. उरलेल्या आठ मी आखते.

मेट्रन